चोपडी कुणाला दाखवायची?

आदरणीय ताई,

माझं वय ३४, सिव्हिलचा डिप्लोमा झालाय. बाबा एका मोठ्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होते. त्यांच्या ओळखीवर नऊ वर्षांपूर्वी मी स्वतःची कामं घ्यायला लागलो. बंगले, वरचा मजला चढवणं, दुरुस्त्या. कायमची १२ माणसं, बाकी कडिया नाक्यावरून, म्हणजे जिथे गवंडी-मजूर रोजावर मिळतात तिथून. हिशेब बायको बघते, ती बी.कॉम. आहे. गेल्या वर्षी १ कोटी १० लाखांचं काम केलं, पण हातात काय राहिलं ते सांगता येत नाही. गिऱ्हाइकांकडून १४ लाख येणं आहे, सिमेंट-सळईवाल्याचं ९ लाख देणं आहे, आणि १२ लाखांची एफडी आहे.

आता भायलीकडे एक बिल्डर १४ फ्लॅटचं काम देतोय. १६,००० फूट, मालासकट १,६५० रुपये फूट, म्हणजे २ कोटी ६४ लाख. ॲडव्हान्स नाही. टप्पा झाला की बिल, बिल पास झाल्यावर ३० दिवसांत पैसे, ५ टक्के रक्कम वर्षभर राखून, आणि शेवटची दोन बिलं एका फ्लॅटमध्ये वळती करणार. मेहुणा म्हणतो, आधी १ लाख २५ हजार भरून बिझनेस कोचचा कोर्स कर, मग असली कामं पेलतील. दुसरीकडे वाघोडिया रोडला बाबांच्या ओळखीचे एक निवृत्त ठेकेदार काका आहेत, वय ७२. ते म्हणाले, ‘पैसे नकोत, दर महिन्याच्या ५ तारखेला हिशेबाची चोपडी घेऊन ये.’ पण ते जुन्या वळणाचे आणि तोंडाने फटकळ. मागच्या महिन्यात साइटवर आले आणि पाचव्या दिवशी स्लॅबचे टेकू काढले म्हणून मला माझ्या माणसांसमोर झापलं. शिवाय बाबा म्हणतात, धंद्याचा हिशेब घराबाहेर जाता कामा नये. काय करू? मुलासारखं समजून स्पष्ट लिहा.

— वि., दांडिया बाजार, बडोदे

चि. वि. यास अनेक आशीर्वाद.

मुलासारखं समजून लिहा म्हणालास, तेव्हा एकेरीतच लिहिते आणि उत्तर आधी सांगून टाकते. भायलीचं काम या अटींवर घेऊ नकोस. कोर्सचे सव्वा लाख वाचव. ५ तारखेला काकांकडे जा. का ते सांगते, पण बस जरा, पत्र लांबणार आहे.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू घाईघाईने लिहून पुढे सरकलास: ‘हातात काय राहिलं ते सांगता येत नाही.’ मी तिथेच अडकले. एक कोटी दहा लाखांच्या कामात जे सांगता येत नाही, ते दोन कोटी चौसष्ट लाखांच्या कामात कसं सांगता येणार? घोळ अडीच पटीने वाढेल, एवढंच.

आमच्या घरी सव्वीस वर्षं ठेकेदारी होती. साइट हे बघायचे आणि चोपडी माझ्याकडे. पहिली सहा वर्षं आमचीही गत तुझ्यासारखीच. कामाला खंड नाही, ओट्यावर माणसांची वर्दळ, दिवाळीला मिठाईचे डबे, आणि लाभपाचमीला सळईवाल्याला तोंड चुकवायचं. त्याची पेढी रावपुऱ्यात होती, म्हणून हे मांडवीला जायचं तर लांबच्या वाटेने जायचे. मग एका तीन मजली कामासाठी त्याच्याकडेच उधारीवर माल मागायची वेळ आली. शेठ म्हणाले, माल देतो, आधी चोपडी दाखवा. ह्यांना अपमान वाटला, त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच चोपडी पिशवीत घातली आणि ह्यांना घेऊन गेले.

शेठनी अर्ध्या तासात पेन्सिलीने चार खुणा केल्या. चारही ठिकाणी प्रकार एकच. नव्या साइटचा ॲडव्हान्स आला की त्यातून जुन्या साइटचं देणं भागवलेलं. याची टोपी त्याला. एका जुन्या बंगल्यात आम्हाला चांगला खड्डा पडला होता आणि तो आम्हाला दिसलाच नव्हता, कारण दर खेपेला एक नवं काम येऊन त्यावर पांघरूण घालत होतं. ‘बेन,’ शेठ म्हणाले, ‘ज्या महिन्यात नवं काम येणार नाही, त्या महिन्यात तुम्ही बुडाल.’ मला राग आला नाही. घाम फुटला.

तुझ्या भायलीच्या कामात तर ॲडव्हान्सच नाही. फिरवायला टोपीसुद्धा नाही.

आता पाटी-पेन्सिल घे. पाया आणि प्लिंथ म्हणजे साधारण ४० लाखांचं बिल धरू. माती बरी लागली तर पन्नास दिवस. बिल दिलंस, त्यांचा इंजिनिअर मापं तपासणार, दहा दिवस गेले. मग तीस दिवस. म्हणजे पहिला रुपया नव्वदाव्या दिवशी. तोवर तू हात बांधून बसणार नाहीस. पहिला स्लॅब पडलेला असेल, दुसऱ्याचं सेंटिंग (स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा साचा) चढत असेल. तुझा खर्च ७०-७५ लाखांवर गेलेला असेल. सिमेंट, सळई, रेती, कपची (खडी) यांचे व्यापारी मिळून पंचवीसेक लाख महिना-दीड महिना थांबतील असं मानू. उरले पंचेचाळीस-पन्नास लाख, ते कुणाच्या खिशातून? तुझ्याकडे १२ लाखांची एफडी आहे. १४ लाखांचं येणं तुला पाहिजे त्या दिवशी येणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि जो पहिला चेक येईल तो ४० लाखांचा नसेलच. ५ टक्के राखून ठेवले, दोन लाख गेले. टीडीएसचा १ टक्का, चाळीस हजार. वर जीएसटी आहे. कामाच्या ठेक्यावर १८ टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार बिलात वेगळे लागतात. ते बिल्डरने तुला दिले असोत वा नसोत, बिल फाडलंस की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तुला भरायचे असतात. सिमेंट-सळईवर तू भरलेला कर त्यातून वजा होतो. (सिमेंटवरचा सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढी तुझ्या भांडवलाची अडकणूक कमी.) पण कडियाच्या आणि मजुराच्या रोजावर वजा करायला काही नसतं. म्हणजे आणखी तीनेक लाख खिशातून. मेहुण्याला विचार, कोर्समध्ये हे शिकवतात का.

फ्लॅटच्या वळतावळतीचं मात्र मला अंगावर आलं. शेवटची दोन बिलं मिळून ४५-५० लाखांची असणार. तुझा नफा सगळा नीट चालला तर दहा टक्के, म्हणजे २६ लाख. याचा अर्थ पुरा नफा आणि शिवाय व्यापाऱ्यांचे वीसेक लाख त्या एका फ्लॅटमध्ये जाऊन बसणार. सळईवाला फ्लॅटची चावी घेत नाही. आम्हाला असंच एकाने बिलापोटी दुकानाचा गाळा दिला होता. कागद चोख, भाव कागदावर झकास. तो गाळा विकायला आम्हाला अकरा वर्षं लागली. तेवढा काळ मी दर पावसाळ्याआधी त्याच्या शटरला ग्रीस लावायला जायचे. सूनबाईला अजून सांगते, माझ्या तारुण्यातला सर्वांत महाग छंद.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या पत्रात कुठेच नाही: माती. १,६५० चा भाव पायासकट आहे ना? आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते. म्हणूनच रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने असल्या मातीसाठी खाली फुगारा असलेले अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. मातीची तपासणी झाल्याशिवाय, पाया किती खोल जाणार हे कळल्याशिवाय फुटाचा भाव कबूल करणं म्हणजे पाकीट न उघडता सही करणं. पायाचं काम फुटाच्या भावातून बाहेर काढायचं आणि खोदाई, काँक्रीट, सळई यांचे दर वेगवेगळे लावायचे. पाण्याचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने शहराचं काय केलं ते तू पाहिलंस. खड्ड्यात पाणी शिरलं तर पंप कुणाचा आणि वाया गेलेले दिवस कुणाचे, हे करारात दोन ओळींत लिहिलेलं असलं पाहिजे.

बिल्डर कसा आहे हेही घरबसल्या कळतं. आठपेक्षा जास्त फ्लॅट म्हणजे रेराची, म्हणजे घरबांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी आलीच. गुजरात रेराच्या साइटवर त्याचे आधीचे प्रकल्प काढ. कबूल केलेली तारीख काय होती, मुदत किती वेळा वाढवून घेतली, किती फ्लॅट विकले गेले. रेराच्या कायद्याने गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून बांधकाम आणि जमिनीवरच खर्च करायचे असतात. ज्याचे फ्लॅट विकले जात आहेत, त्याच्याकडे ठेकेदाराला द्यायला पैसा असतो. ज्याचे विकले जात नाहीत, तोच फ्लॅट ठेकेदाराच्या गळ्यात मारतो.

तरी त्याला सरळ नाही म्हणू नकोस. त्याला सांग, माल तुमचा, मजुरी माझी. स्लॅब, चिणाई, प्लास्टर यांचा मजुरीचा दर ठरवू, दर पंधरा दिवसांनी माप, माप झालं की चार दिवसांत पैसे. फुटामागे रक्कम लहान दिसेल, पण तुला फक्त माणसांची दर आठवड्याची खर्ची उभी करावी लागेल आणि तेवढी तुझी ताकद आहे. चौदा फ्लॅटचं काम केल्याचा अनुभव तुझ्या नावावर जमा होईल, सळईचा भाव चढला तर झोप त्याची उडेल. तो कबूल झाला नाही, तर आठवडाभराने फोन येतो का बघ. न आल्यास काय बुडालं?

(बँकेचं म्हणशील, तर मुद्रा कर्जाची मर्यादा २०२४ च्या अर्थसंकल्पात २० लाखांपर्यंत नेली, पण ती आधीचं ‘तरुण’ कर्ज घेऊन फेडलेल्यांसाठी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, केली नसशील तर कर, फुकट असते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकवायचा नियम आहे. पण मालासकट बांधकामाचा ठेका त्यात बसतो की नाही, यावर न्यायालयांचं एकमत नाही. त्या भरवशावर उडी मारू नकोस.)

आता काका.

पाचव्या दिवशी टेकू काढलेस आणि त्यांनी झापलं. काकांचं बरोबर होतं, हे तुलाही ठाऊक आहे, डिप्लोमा केलायस. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा गाळा असेल तर १४ दिवस, असं लिहिलंय. तेही साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी. आज तुझ्या साइटवर पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या, गोण्या येत असतील, ते सिमेंट ताकद सावकाश धरतं, म्हणजे उलट जास्त थांबायला हवं. तू पाचव्या दिवशी का काढलेस? मी अंदाज करते: सेंटिंगचा माल एकच आहे आणि दुसऱ्या साइटवर हवा होता. बघ, शेवटी तीच टोपी. इथे फक्त पैशाऐवजी टेकूंची.

तरी माणसांसमोर झापणं चुकीचंच. ज्या कडियाला उद्या तू ‘हे तोडून पुन्हा कर’ सांगणार आहेस, त्याने तुला मान खाली घातलेला पाहिलं की तुझ्या शब्दाचं वजन जातं. हे काकांना स्पष्ट सांग. ‘काका, ओट्यावर बसून काय वाट्टेल ते बोला, साइटवर नको.’ खरा अनुभवी माणूस हे ऐकतो. ऐकलं नाही, तर साइटवर न बोलावता फक्त त्यांच्या घरी जात जा. त्यांना तुझी साइट बघायचीही फारशी गरज नाही. चोपडीत सगळं दिसतं.

दर महिन्याला एक चोपडी नको, प्रत्येक साइटची वेगळी हवी. आलेला प्रत्येक रुपया आणि गेलेला प्रत्येक रुपया त्या साइटच्या नावाने. कायमच्या बारा माणसांचा रोजही ज्या दिवशी ज्या साइटवर काम झालं तिथे पडला पाहिजे. तुझा घोळ बहुतेक इथेच असणार: ‘आपली माणसं’ कोणत्याच साइटच्या खर्चात धरली जात नाहीत. सेंटिंगच्या प्लायचंही तेच. एक शीट किती वेळा वापरली, कुठे वापरली, हे कुणी लिहीत नाही आणि वर्षाअखेर तीस हजारांची फळकुटं जळणाला जातात.

काकांचा पहिला प्रश्न सळईचा असेल. किती टन आली, ड्रॉइंगप्रमाणे किती लागायला हवी होती, किती लागली. तू बिल दाखवशील. ते विचारतील, वजन कुणी केलं? १२ मिलीमीटरची १२ मीटर लांब सळई १० किलो ६७० ग्रॅमच्या आसपास भरायला हवी (व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे तुला पाठ असेलच). थोडाफार फरक मानकातच मान्य आहे. पण दर गाडीतल्या चार-पाच सळया उचलून काट्यावर टाकणारा ठेकेदार आणि न टाकणारा ठेकेदार यांना माल एकसारखा येत नाही. व्यापाऱ्याला कळतं कोण बघतो ते.

मग ते विचारतील, हे १४ लाख कुणाकुणाकडे आणि किती महिने? तेव्हा तुला लाज वाटेल, कारण त्यातले तीन-चार लाख बुडीत आहेत हे तुला आतून माहीत असतं आणि तरी तू ते ‘येणं’ म्हणून लिहितोस. आम्हीही लिहायचो. शेठनी आम्हाला ते एका ओळीत काट मारायला लावले. त्या दिवशी खूप हलकं वाटलं, आणि त्यानंतरच आम्ही जास्तीच्या कामाचे पैसे काम करण्याआधी मागायला शिकलो. ‘वहिनी, हा कोनाडा वेगळा, याचे इतके’ हे वाक्य तोंडातून निघायला मला सहा वर्षं लागली होती.

वडिलांची हरकत हलक्याने घेऊ नकोस. त्यांची सारी हयात दुसऱ्याच्या पेढीवर गेली. शेटजींची चोपडी बाहेर गेली की काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असेल. पण लक्ष्मीविलास पॅलेसची जी गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात, ती त्यांनीच तुला लहानपणी सांगितली असेल. मेजर मँटने पॅलेसचा आराखडा केला. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. पण आपल्या आकडेमोडीत चूक झालीय, इमारती कोसळणार, हे त्याच्या डोक्यात बसलं आणि त्या धास्तीने १८८१ मध्ये त्याने जीव दिला, असं सांगतात. पुढे रॉबर्ट चिझमने काम पूर्ण केलं, १८९० मध्ये. पॅलेस आजही जागचा हललेला नाही. मुलं ऐकताना भुताची गोष्ट म्हणून ऐकतात. मला ठेकेदाराच्या घरात आल्यावर त्यात रात्री एकटाच बेरजा करणारा माणूस दिसायला लागला. ह्यांनाही तशा रात्री होत्या. बाबांना ही गोष्ट आठवून दे आणि मग सांग, चोपडी घराबाहेर जात नाहीये, काकांच्या ओट्यापर्यंत जाते आणि परत येते.

शिवाय बाबांना बरोबर घेऊन जा. दोघं जुने ओळखीचे आहेत, एखाद्या पानावर भांडतील, त्यातून तुला जे कळेल ते एकट्याने जाऊन कळणार नाही.

आणि बायकोला ने. तुझ्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली. जी बाई रोज आकडे लिहिते, तिला कुठली साइट खातेय हे बहुतेक केव्हाचंच माहीत असतं. कुणी विचारत नाही म्हणून ती बोलत नाही. माझ्याशीच शेठ बोलले होते, ह्यांच्याशी नाही, हे लक्षात ठेव. तिला पगार लाव. नावाला नको, दर महिन्याला खात्यात. तो खर्च चोपडीत दिसला म्हणजे तुझ्या नफ्याचा आकडा थोडा खरा होईल.

काकांकडून काय मिळणार नाही तेही सांगते, नाहीतर सहा महिन्यांनी निराश होशील. जीएसटीची रिटर्न्स, ई-टेंडर, रेराचे नियम यांत त्यांना कदाचित तुझ्याहून कमी कळत असेल. त्यासाठी सीए हवा, आणि तोही फक्त मार्चमध्ये भेटणारा नको. ७२ वर्षांच्या माणसाचे मजुरीचे दरही जुने असतात. ‘आमच्या वेळी’ असं सुरू झालं की ऐक आणि आकडा मात्र नाक्यावरून घे. माणसांच्या विम्याचंही तेच. काकांच्या काळी पडलेल्या मजुराच्या हातात काही नोटा ठेवून भागवलं जायचं. तू तसं करू नकोस. वर्कमन कॉम्पेन्सेशनची पॉलिसी कामाला हात लावण्याआधी. दाहोद-झाबुआकडून आलेली तुझी माणसं होळीला पंधरा दिवस जाणार, हे मात्र काकांना नक्की कळतं. ते वेळापत्रक त्यांच्याकडून करून घे. नवशिके ठेकेदार मार्चमध्ये स्लॅब ठरवतात आणि मग नाक्यावर दुप्पट रोज मोजतात.

काकांची सर्वांत मोठी चीज तुला पहिल्या दिवशी मिळणार नाही. ती म्हणजे त्यांची पत. चार-सहा महिने तू वेळेवर चोपडी दाखवलीस, तर एक दिवस ते स्वतःहून एखाद्या व्यापाऱ्याला फोन करतील, ‘पोरगा बरा आहे, पंचेचाळीस दिवस थांब.’ तो फोन मागून मिळत नाही. आणि मिळाल्यावर चव्वेचाळिसाव्या दिवशी पैसे पोचले पाहिजेत, कारण आता त्यांचं नाव गहाण आहे.

भागीदार घ्यावा का, असंही तुझ्या मनात येईल, कारण मोठ्या कामाला पैसा लागतोच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी घरचा धंदा सोडून रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा लक्ष्मणराव फाटक नावाच्या, आधी रेल्वेत कारकून असलेल्या माणसाला जोडीला घेतलं. भांडवलाची सोय वालचंदांकडे होती, रेल्वेचं काम आतून कसं चालतं ते फाटकांना माहीत. तुझ्याकडे आज काम येतं, पैसा नाही आणि हिशेबही नाही. असल्या अवस्थेत येणारा भागीदार तुझ्या गोंधळाचा अर्धा मालक होतो. वर्षभर थांब.

कोर्सबद्दल दोनच वाक्यं. सगळे कोच लबाड नसतात, पण हॉटेलात तीन दिवस टाळ्या वाजवून आल्यावर चौथ्या दिवशी सळईवाल्याचा फोन तुलाच उचलायचा असतो. मेहुण्याचा फारच आग्रह असला तर त्या कोचला विचार की पुढचे बारा महिने माझी चोपडी तुम्ही स्वतः बघाल का, आणि तुमच्याकडे शिकलेल्या एखाद्या ठेकेदाराचा नंबर द्याल का. त्या पैशातून वर्षभर सीएकडे महिन्याला जाता येईल. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ पासून ठेकेदारांचीच संघटना म्हणून चालत आलीय. तिथे आणि व्हीसीसीआयसारख्या बडोद्यातल्या व्यापारी चेंबरच्या सभांना जा. चहाच्या वेळी मागच्या रांगेत उभं राहिलं की कोण कुणाचे पैसे थकवतो हे कळतं, आणि ही माहिती कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही.

येत्या ५ तारखेसाठी गेल्या वर्षीचा फक्त एक बंगला निवड. ज्यात सर्वांत जास्त कमावलं असं तुला वाटतं तोच. त्याची आलेली-गेलेली प्रत्येक पावती, तुझ्या बारा जणांचे रोज, प्लाय, डिझेल, तू स्वतः तिथे घालवलेले दिवस, सगळं बायकोबरोबर बसून मांड. दोन रविवार जातील. नफ्याचा आकडा निघाला की तो कुणालाही न दाखवता कागदावर लिहून घडी कर. मग काकांकडून तोच हिशेब तपासून घे, आणि दोन आकड्यांत किती फरक पडला ते मला कळव. जाताना लीलो चिवडा ने, पण तिखट नको. ७२ च्या माणसाला पथ्य असतं.

तुझी,
ताई